एक शॉट, दोन ध्वनिपट्ट्या : ‘टच ऑफ इव्हिल’ची पहिली सव्वातीन मिनिटे

दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ इव्हिल’चा (१९५८) पहिला शॉट आज दोन रूपांत पाहायला मिळतो. चित्र तेच, कॅमेऱ्याची चाल तीच, माणसं तीच. एका रूपात शॉटवर श्रेयनामावली उमटते आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत वाजतं. १९९८ साली तयार झालेल्या दुसऱ्या रूपात अक्षरं नाहीत आणि वरून घातलेलं संगीतही नाही, फक्त रस्त्याचे आवाज आहेत. थरारपटाची सुरुवात नेमकी कशामुळे ताणते हे तपासायचं तर याहून सोयीचं प्रकरण सापडणं अवघड. एरवी दोन सुरुवातींची तुलना करताना पटकथा, नट, छायाचित्रण सगळंच वेगळं असतं, आणि फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही. इथे बदललेल्या गोष्टी दोनच आहेत.

या शॉटचं कौतुक बहुतेक वेळा ‘कट न घेता इतका लांब शॉट’ असं होतं. ते खरं आहे, पण त्यात मुद्दा निसटतो. लांबलचक अखंड शॉट कंटाळवाणाही होऊ शकतो, आणि होतोच. इथे तो ताणतो, कारण प्रेक्षकाला पहिल्याच क्षणी एक काम दिलेलं आहे: एका गाडीवर लक्ष ठेवायचं. नंतर तेच काम पायरीपायरीने अवघड केलं जातं. बाकी सगळी कारागिरी या कामाच्या सेवेला आहे, आणि १९५८ची आवृत्ती नेमकी तिथेच कमी पडते.

पार्श्वभूमी

व्हिट मास्टरसन या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकद्वयाची कादंबरी हा चित्रपटाचा आधार. युनिव्हर्सल स्टुडिओने चित्रपट १९५७च्या सुरुवातीला चित्रित केला. मेक्सिको आणि अमेरिका यांच्या सीमेवरचं लॉस रोब्लेस हे गाव काल्पनिक आहे, आणि ते उभं केलं कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस इथल्या रस्त्यांवर. हे उपनगर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या व्हेनिसची नक्कल म्हणून वसवलं होतं. त्यामुळे तिथे खांबांच्या कमानींचे लांब व्हरांडे होते, आणि पन्नाशीच्या दशकात ते चांगलेच कळकट झाले होते. कमानींखालचा अंधार आणि रस्त्यावरचा निऑन असा दुहेरी उजेड या जागेत आयताच मिळाला. छायाचित्रकार रसेल मेटी. क्रेनवर कॅमेरा चालवणारा फिलिप लॅथ्रॉप, जो पुढे स्वतः नावाजलेला छायाचित्रकार झाला.

वेल्सने पहिलं संकलन मनासारखं करून घ्यायच्या आतच सूत्रं स्टुडिओकडे गेली. काही जोडदृश्यं हॅरी केलर या दुसऱ्या दिग्दर्शकाकडून करून घेतली गेली. स्टुडिओचं संकलन वेल्सला एकदा दाखवण्यात आलं. त्यावर त्याने निर्मितीप्रमुख एडवर्ड म्यूल याला ५८ पानांचं टिपण पाठवलं. तारीख ५ डिसेंबर १९५७. त्यातल्या अगदी सुरुवातीच्या सूचनांमध्ये या शॉटचा उल्लेख आहे: अक्षरं नकोत, आणि एकसंध पार्श्वसंगीताऐवजी रस्त्यावरच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून येणारं संगीत हवं. या सूचना १९५८मध्ये पाळल्या गेल्या नाहीत. १९९८मध्ये निर्माता रिक श्मिडलिन आणि संकलक वॉल्टर मर्च यांनी ते टिपण हाताशी घेऊन चित्रपट पुन्हा जुळवला. वेल्स १९८५ सालीच वारला होता, त्यामुळे या आवृत्तीला ‘वेल्सची आवृत्ती’ म्हणणं अचूक नाही. ते त्याच्या टिपणाचं जाणकार वाचन आहे.

शॉटमध्ये काय घडतं

पडदा उजळतो तो एका माणसाच्या हातांवर. हातात डायनामाइटच्या कांड्यांना जोडलेला टायमर. काटा फिरवला जातो. दूरवरून बाईचं हसणं ऐकू येतं, कॅमेरा झटकन वळतो आणि व्हरांड्याच्या टोकाला एक जोडपं चालत येताना दिसतं. बॉम्बवाला दुसऱ्या बाजूने पळतो, त्याची मोठी सावली भिंतीवरून सरकते. उघड्या टपाच्या एका मोटारीच्या डिकीत तो बॉम्ब टाकतो आणि अंधारात पसार होतो. इतकं सगळं साधारण अर्ध्या मिनिटात आटोपतं. त्याचा चेहरा आपल्याला दिसलेला नसतो.

जोडपं येतं, गाडीत बसतं, गाडी निघते. कॅमेरा क्रेनवरून वर चढतो, इमारतीच्या छपरावरून पलीकडे जातो. काही क्षण गाडी इमारतीमागे दडते आणि पलीकडच्या रस्त्यावर पुन्हा दिसते. आता कॅमेरा गाडीच्या पुढे राहून मागे मागे सरकतो. वाहतूक पोलीस गाडी थांबवतो, माणसं आडवी जातात. शॉटच्या मध्याच्या आसपास दुसरं जोडपं चौकटीत शिरतं: मेक्सिकन अधिकारी मिगेल वर्गास (चार्ल्टन हेस्टन) आणि त्याची नवपरिणीत अमेरिकन बायको सुझन (जॅनेट ली). कॅमेरा त्यांना धरतो. गाडी कधी त्यांच्या मागे, कधी शेजारी, कधी पुढे. शेळ्यांचा कळप रस्ता अडवतो, जोडपं गाडीच्या पुढे निघून जातं.

मग सीमेवरची चौकी. पहारेकरी वर्गासला ओळखतो, ग्रँडी टोळीच्या प्रकरणाबद्दल विचारतो, वर्गास बायकोला चॉकलेट सोडा पाजायला निघाल्याचं सांगतो. गप्पा रेंगाळतात. गाडी त्यांच्या शेजारीच उभी. गाडीतली बाई म्हणते की तिच्या डोक्यात सारखी टिकटिक होतेय. कुणी लक्ष देत नाही. गाडी पुढे सरकून चौकटीबाहेर जाते. सुझन म्हणते की आपण दोघं माझ्या देशात पहिल्यांदाच एकत्र आलोय. वर्गास म्हणतो की तासाभरात मी तुझं चुंबन घेतलेलं नाही. चुंबन, आणि स्फोटाचा आवाज. तिथेच चित्रपटातला पहिला कट, आणि पेटलेली गाडी.

एकूण लांबी साधारण तीन मिनिटं वीस सेकंद. मोजणी कुठून सुरू करता त्यावर चार-पाच सेकंद इकडे-तिकडे.

कुणाला काय माहीत आहे

बॉम्ब मेजाखाली आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं तर पंधरा मिनिटांचा ताण मिळतो, न सांगता फोडला तर पंधरा सेकंदांचा धक्का, हे थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीतलं गणित सगळ्यांना पाठ आहे. इथे ते वापरलेलं आहेच. पण या शॉटमध्ये एक गोष्ट जास्तीची आहे, आणि नवे पटकथाकार नेमकी ती विसरतात. माहिती देतानाच माहिती लपवलेलीही आहे, आणि दोन्हींचे विषय वेगळे ठेवले आहेत.

दिलेली माहिती: बॉम्ब आहे, याच गाडीत आहे, टायमर सुरू झालाय. हे तिन्ही मुद्दे जवळून, उजेडात, एकदाच आणि स्पष्ट दाखवले आहेत. लपवलेली माहिती: ठेवणारा कोण, का, गाडीतला माणूस कोण, हे दुसरं जोडपं कोण आणि त्याचा गाडीशी काय संबंध. पहिल्या गटातून उत्कंठा तयार होते, दुसऱ्यातून गूढ. उत्कंठेचा हिशोब शॉट संपताना चुकता होतो, गूढाचा पुढे चित्रपटभर चालतो. दोन्हींची सरमिसळ झाली की घोटाळा होतो. ‘हे हातात काय आहे बरं?’ असा गोंधळ बॉम्बच्याच बाबतीत ठेवला असता तर पुढची तीन मिनिटं प्रेक्षक रस्त्यावरची गर्दी नुसती बघत बसला असता. कित्येक लघुपटांच्या सुरुवाती इथेच घसरतात. धोका काय आहे हेच धूसर ठेवतात आणि त्यालाच गूढ समजतात.

टायमरचा आणखी एक फायदा असा की कट नसल्यामुळे पडद्यावरचा वेळ आणि बॉम्बचा वेळ एकच राहतो. कट घेतला असता तर संकलक वेळ ताणू शकतो हे प्रेक्षकाला ठाऊक असतं; शेवटच्या दहा सेकंदांना मिनिटभर लावायची सवलत दिग्दर्शक घेतात आणि प्रेक्षकही ती मनातल्या मनात वजा करतो. इथे ती सवलत नाही. टायमर पुन्हा दाखवायचीही गरज पडत नाही. आकडे उलटे मोजणारं घड्याळ दर वीस सेकंदांनी दाखवत राहिलं की प्रेक्षक स्वतः मोजणं थांबवतो. मोजायचं काम चित्रपटच करून देत असतो ना.

पहिल्या कटची जागाही यातूनच ठरते. सव्वातीन मिनिटं न तुटलेली गोष्ट तुटते ती बॉम्बमुळे. स्फोट आधी कानावर येतो, चित्र नंतर. चुंबन चौकटीत असताना आवाज, आणि त्या आवाजावर कट. क्रम उलटा केला असता, म्हणजे आधी गाडीवर कट आणि मग स्फोट, तर कटनेच चाहूल दिली असती.

शेळ्या का लागतात

हा भाग व्यवहाराचा आहे आणि त्याकडे फारसं कुणी पाहत नाही. माणूस सावकाश चालला तर सेकंदाला साधारण १.३ मीटर जातो. गाडी ताशी २० किलोमीटर इतक्या हळू चालली तरी सेकंदाला साडेपाच मीटर जाते. दोन मिनिटांत चालणारं जोडपं दीडशे मीटरच्या आसपास पोचेल आणि गाडी साडेसहाशे मीटर पुढे निघून जाईल. म्हणजे दोघांना एका चौकटीत खेळवायचं तर गाडी सतत अडवावी लागणार. वाहतूक पोलीस, रस्ता ओलांडणारे लोक, शेळ्या, चौकीवरची रांग: हे अडथळे नसते तर शॉट चाळिसाव्या सेकंदाला संपला असता.

वेल्सचं कौशल्य असं की हे अडथळे त्या गावाचेच वाटतात. सीमेवरच्या गावात चौकी असणारच, बाजाराच्या रस्त्यात जनावरं येणारच. त्यामुळे अडथळ्यांतून गावाची ओळख होते आणि तेवढ्यात गाडी जोडप्याच्या बाजूला येऊन थबकते. बाहेरून आणलेला अडथळा, म्हणजे अचानक बंद पडलेलं इंजिन किंवा हातातून निसटलेली किल्ली, लगेच ओळखू येतो. प्रेक्षकाला लेखकाचा हात दिसतो.

अडथळ्यांची चढणही पाहण्यासारखी आहे. पोलिसाजवळ गाडी थांबते तेव्हा धोका फक्त गाडीतल्या दोघांना आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना असतो. शेळ्यांजवळ तो वर्गास आणि सुझनपर्यंत पोचतो. तोवर कॅमेऱ्याने त्यांना इतका वेळ धरलेलं असतं की नायक-नायिका हीच, हे आपण ओळखलेलं असतं. चौकीवर सगळेच एका जागी, आणि हलता कोणालाच येत नाही. तिथल्या गप्पा मुद्दाम बिनमहत्त्वाच्या आहेत. चॉकलेट सोड्याची चेष्टा एरवी कुणी दोनदा ऐकली नसती; शेजारी बॉम्ब असल्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य लांबल्यासारखं वाटतं. ‘डोक्यात टिकटिक होतेय’ हे वाक्य म्हणजे बॉम्बची आठवण करून देण्याचा एकमेव तोंडी प्रसंग, आणि तोही जिला काही कळलेलं नाही अशा बाईच्या तोंडून.

याच चौकीवर पुढच्या कथेचं बी आहे. बॉम्ब मेक्सिकोत ठेवला गेला आणि फुटला अमेरिकेत. तपास कुणाचा, हा प्रश्न स्फोटानंतर लगेच उभा राहतो. वर्गास आणि अमेरिकन पोलीस अधिकारी क्विन्लन (ही भूमिका वेल्सनेच केली आहे) यांचा सगळा झगडा त्यातून निघतो. म्हणजे सीमारेषा ओलांडताना गाडीवर डोळे ठेवून बसलेला प्रेक्षक नकळत खटल्यातला कळीचा मुद्दा पाहत असतो. सुरुवातीचा थरार बाकी कथेपासून सुटा पडला की दहाव्या मिनिटाला तो विसरला जातो. इथे तसं होत नाही.

कॅमेरा आणि एक रात्र

३५ मि.मी. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. या शॉटचा प्रत्येक टेक, म्हणजे चित्रीकरणाचा प्रत्येक प्रयत्न, साधारण ३०० फूट फिल्म खातो. कॅमेऱ्यावरच्या हजार फुटांच्या मॅगझिनमध्ये (फिल्मच्या डब्यात) असे तीनच टेक बसतात, मग भरणी बदलायची. शेवटच्या तीस सेकंदांत चूक झाली तर तीनशे फूट आणि सगळ्या रस्त्याची पुनर्मांडणी वाया. गाड्या मागे, शेळ्या मागे, क्रेन मागे, दीडशे पावलं मागे.

आणि चूक होते ती नेमकी शेवटीच, कारण संवाद तिथे आहेत. हेस्टनने नंतर सांगितलेली आठवण अशी की चौकीवरच्या पहारेकऱ्याचं काम करणारा नट पुन्हा पुन्हा वाक्य विसरत होता. शेवटी वेल्सने त्याला नुसते ओठ हलवायला सांगितलं. आवाज नंतर भरता येतो. शेवटचा टेक उजाडायच्या बेतात झाला. यातला उपयोगी भाग असा की संवाद नंतर भरण्याची तयारी आधीपासून असली, तर लांब शॉटमध्ये नटाच्या एका वाक्यासाठी अख्खा टेक टाकावा लागत नाही. चालीतली चूक मात्र नंतर दुरुस्त होत नाही.

वेल्सला रुंद कोनाची लेन्स आवडायची. तिचा इथे फायदा दुहेरी. पुढचं जोडपं आणि मागची गाडी दोन्ही स्पष्ट राहतात, आणि गाडी थोडी पुढे आली तरी झपाट्याने मोठी होते. लांब, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सने तेच अंतर चपटं दिसलं असतं आणि गाडी जवळ येतेय की नाही हेच कळलं नसतं. किंमत मोजावी लागते प्रकाशयोजनेत. रुंद लेन्सला जवळपास सगळा रस्ता दिसतो, मग दिवे लपवायला फारशी जागाच उरत नाही. ते छपरांवर, कमानींच्या आत किंवा निऑनच्या आड न्यावे लागतात. क्रेनची सावलीही भिंतीवर पडू द्यायची नसते. इथे बॉम्बवाल्याची सावली हेतूने भिंतीवर टाकली आहे, आणि हा दिव्यांच्या मांडणीचाच पराक्रम म्हणायला हवा.

गाडी इमारतीमागे दडते तो क्षण महत्त्वाचा. प्रेक्षकाने गाडीवर लक्ष ठेवायचं ठरवल्याबरोबर चित्रपट ती नजरेआड करतो, आणि लगेच परत देतो. इथे खेळाचा नियम शिकवला जातो: गाडी दिसेनाशी झाली तरी ती आहे. यापुढे ती चौकटीबाहेर जाईल तेव्हा प्रेक्षक तिला मनात चालवत ठेवतो. शेवटी ती चौकटीबाहेर गेल्यावर जे होतं ते या शिकवणीशिवाय झालं नसतं.

१९५८ : अक्षरं आणि बोंगो

आता मूळ प्रदर्शित आवृत्तीकडे. मॅन्सिनी तेव्हा युनिव्हर्सलच्या संगीत विभागात नोकरीला होता. त्याने दिलेली सुरुवातीची धून लॅटिन ठेक्याची, बोंगो आणि पितळी वाद्यांची. स्वतंत्रपणे ऐकली तर झकास आहे. चित्रपटाच्या चाहत्यांपैकी बऱ्याच जणांना तीच आवृत्ती जास्त प्रिय आहे, आणि त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. ठेका टायमरसारखा चालतो, गावाची मस्ती आणि घाण दोन्ही त्यात येतं, नाटकाआधी घंटा वाजावी तशी वातावरणनिर्मिती होते.

पण उत्कंठेच्या बाजूने पाहिलं तर दोन गोष्टी बिघडतात. पहिली अक्षरांची. अक्षर दिसलं की डोळा ते वाचतोच, ठरवून न वाचणं जवळपास अशक्य. नावं बदलली की डोळा पुन्हा तिकडे. ज्या शॉटमध्ये प्रेक्षकाला एक गाडी गर्दीत शोधत राहायची आहे तिथे दर काही सेकंदांनी त्याची नजर काढून घेतली जाते. शिवाय श्रेयनामावली चालू आहे याचा अर्थ प्रेक्षकाच्या सवयीत ‘अजून सुरू झालं नाही’ असा असतो. नावं पडद्यावर असताना नायकाजवळ बॉम्ब फुटणार नाही, असं कुठेतरी गृहीत धरलं जातं.

दुसरी गोष्ट संगीताची. पार्श्वसंगीत रस्त्यावरच्या कुणाचंच नसतं. गाडी जवळ आली म्हणून ते वाढत नाही, दूर गेली म्हणून घटत नाही. संपूर्ण शॉटभर ते एकाच सुरात सांगतं की काहीतरी होणार आहे, पण कुठे आणि किती जवळ हे सांगत नाही. म्हणजे गाडी चौकटीबाहेर असताना तिचा माग ठेवायचं एकमेव साधन, कान, तेही बंद. शेवटच्या सेकंदांत गाडी निघून गेल्यावर तर हे फार जाणवतं. कान रिकामे असते तर प्रेक्षकाने गाडीचा कानोसा घेतला असता.

१९९८ : रस्त्याचा आवाज

पुनर्संकलनाच्या वेळी दोन गोष्टी हाताशी होत्या. अक्षरं न टाकलेलं या शॉटचं चित्र, आणि संवाद, संगीत, ध्वनिपरिणाम वेगवेगळे असलेली चुंबकीय ध्वनिपट्टी. मर्चने संगीत काढलं तेव्हा खाली ध्वनिपरिणामांचा भरगच्च थर निघाला: पावलं, गाड्या, शेळ्या. चाळीस वर्षं तो मॅन्सिनीच्या धुनीखाली दबून होता. हे ध्वनी १९५७च्याच माणसांनी केलेले. मर्चला ते नव्याने करावे लागले नाहीत.

रस्त्यावरच्या संगीतासाठी मॅन्सिनीच्याच, चित्रपटात इतरत्र वापरलेल्या रचना घेतल्या. प्रत्येक क्लबच्या दारातून एक वेगळी धून, कॅमेरा पुढे सरकला की ती मागे पडते आणि पुढची येते. त्यात सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे गाडीचा रेडिओ. त्या गाडीला स्वतःचा आवाज मिळाला. गाडी चौकटीत असो वा नसो, रेडिओ वाढतो तेव्हा बॉम्ब जवळ येतो. इथे संगीत उत्कंठा वाढवतं ते ताल धरून नाही, तर पत्ता सांगून. शेवटी गाडी पुढे निघून जाते आणि तिचा आवाज विरत जातो, तेव्हा प्रेक्षक अंतर मोजू शकतो: आता ती जोडप्यापासून इतकी लांब आहे, म्हणजे ही दोघं वाचली, पण ती दोघं नाहीत.

वेल्सच्या टिपणातला एक भाग ध्वनीवाल्यांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. रस्त्यावरचं संगीत नुसतं प्रतिध्वनीच्या कक्षातून आणि ध्वनिगाळणीतून (फिल्टरमधून) काढून चालणार नाही. ते स्वस्तातल्या कर्ण्यावर, ध्वनिविभागाच्या इमारतीबाहेरच्या बोळात प्रत्यक्ष वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित करावं, अशी त्याची मागणी होती. मर्चने सत्तरच्या दशकात स्वतःच्या कामात हीच रीत वापरून नावारूपाला आणली होती, वेल्सने ती आधीच लिहून ठेवल्याचं ठाऊक नसताना.

नावं शेवटी गेली. याचाही परिणाम आहे: पडदा उजळल्यापासून चित्रपट सुरूच झालेला असतो, बसायला जागा शोधणाऱ्याला तयारीची मिनिटं मिळत नाहीत.

असा शॉट स्वतः करायचा तर

बाजाराच्या गल्लीत, मोबाइल किंवा साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर, क्रेनऐवजी गिंबलवर (हातातला कॅमेरा डगमगू न देणाऱ्या उपकरणावर) असा प्रयत्न करणारे बरेच असतात. तंत्र परवडतं, बिघडतं ते नियोजनात. कागदावर दोन रेघा काढाव्यात, एक धोक्याची वस्तू आणि दुसरी नायकाची, खाली दर दहा सेकंदांची खूण. प्रत्येक खुणेला लिहावं: धोका चौकटीत आहे का, नसेल तर त्याचा आवाज येतोय का, दोघांत अंतर किती. सलग पंधरा-वीस सेकंद धोका दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही अशी जागा निघाली तर प्रेक्षक तिथे सुटतो. उलट सगळ्याच खुणांवर तो ठळक दिसत असेल तर शोधायला काही उरत नाही. मग मध्ये एकदा तो मुद्दाम दडवावा, शक्यतो लवकर, म्हणजे नियम शिकवून होतो.

मग स्टॉपवॉच लावून रिकाम्या गल्लीत चालून पाहावं. दोनशे सेकंदांत साधारण अडीचशे मीटर चाल होते. गल्ली तेवढी नसेल तर थांबे वाढवा किंवा शॉट लहान करा. वळसा घालून त्याच जागेतून पुन्हा जाणं टाळावं, प्रेक्षकाच्या डोक्यातला नकाशा विस्कटतो.

धोका प्रस्थापित करणाऱ्या पहिल्या चित्राला तीन ते पाच सेकंद स्थिर द्यावेत. हलता कॅमेरा, कमी उजेड आणि अनोळखी वस्तू ही तिन्ही एकत्र आली की निम्म्या प्रेक्षकांना वस्तू काय हेच कळत नाही, आणि पुढची मेहनत त्यांच्यापुरती फुकट जाते. वस्तू अशी निवडा की तिचं काम न सांगता कळावं. काटा फिरवायचा टायमर म्हणूनच चांगला. मोबाइलला जोडलेली वायर त्या मानाने वाईट, कारण ती काय करते हे कुणीतरी बोलून सांगावं लागतं.

बोळातला कर्णा आज सहज जमतो. मूळ गाणं मोबाइलवरून लहान स्पीकरवर वाजवायचं आणि दुसऱ्या रेकॉर्डरवर तीन अंतरांवरून घ्यायचं: दोन-तीन मीटरवरून, दहा मीटरवरून आणि कोपऱ्यापलीकडून. सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे संकलनात तिन्ही पट्ट्या मूळ गाण्याशी जुळवता येतात. मग कॅमेऱ्याच्या अंतराप्रमाणे एकातून दुसऱ्यात सरकत जायचं. संगणकातला रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) या कामाला अपुरा पडतो, कारण भिंतींचा परतावा जागेगणिक बदलतो आणि स्वस्त स्पीकरची किणकिण, खर्ज गायब झालेला पातळपणा वरून सहजी लावता येत नाही. हे काम रात्री उशिरा करावं. दिवसा घेतलेल्या मुद्रणात खऱ्या रिक्षा येतात आणि त्या चित्रातल्या रिक्षांशी कधीच जुळत नाहीत. त्याच गल्लीचा नुसता शांत आवाजही निदान मिनिटभर घेऊन ठेवावा, जोडांच्या जागी तो लागतोच. गाण्याच्या हक्कांचं मात्र आधी पाहावं: दारामागून आठ सेकंद ऐकू येणाऱ्या गाण्यालाही परवानगी लागते. म्हणून ओळखीच्या संगीतकाराकडून तीन-चार साध्या धुनी करून घेणं स्वस्त पडतं.

तपासणीसाठी दोन प्रयोग पुरतात. चित्र बंद करून नुसता आवाज अशा माणसाला ऐकवा ज्याने पटकथा वाचलेली नाही, आणि मधूनमधून थांबवून विचारा की गाडी आत्ता जवळ आहे की लांब. उत्तरं अंदाजपंचे येत असतील तर मिश्रण पुन्हा करावं लागेल. मग आवाज बंद करून चित्र दाखवा आणि तेच विचारा. ज्या खुणांवर दोन्ही वेळा चुकीचं उत्तर येतं तिथे शॉटला भोक आहे. पार्श्वसंगीत घालायचंच असेल तर या दोन चाचण्या पार पडल्यावर घालावं, आणि घातल्यावर पहिली चाचणी पुन्हा घ्यावी. श्रेयनामावलीची अक्षरं चढवल्यावर दुसरीही.